दुर्मिळतेचा मोह

बेगडेवाडी हें नांव पुण्याच्या पुष्कळ लोकांस केवळ रेल्वेच्या पाटीमुळें ठाऊक आहे. देहूरोड मागें पडलें आणि घोरावाडी अजून यावयाची आहे, अशा मधल्या जागीं लोणावळ्याची लोकल क्षणभर थांबते. चार माणसें उतरतात, दोन चढतात, आणि गाडी पुढें निघते. या स्टेशनावरून मी आज सोळा वर्षें पुण्यास कॉलेजांत जा-ये करीत आहें. सकाळच्या गाडींत ज्या ओळखी होतात त्यांची जात निराळीच असते. परस्परांचें घर पाहिलेलें नसतें, पण परस्परांचा डबा, खोकला आणि राजकीय मतें यांची पूर्ण माहिती असते. अशाच ओळखींतून नानांचा व माझा स्नेह जडला. नाना माझ्याहून दहाबारा वर्षांनीं वडील. नोकरींतून निवृत्त झाल्यापासून ते रोज गाडीस नसतात. पण पुण्याच्या जुन्या बाजाराचा वार म्हणून बुधवारीं ते न चुकतां भेटतात. चित्रपटांच्या जुन्या फिती जमविण्याचा त्यांना नाद आहे. हा नाद त्यांनीं पुष्कळ दिवस माझ्यापासून लपवून ठेविला होता. दारूचें व्यसन मनुष्य जितक्या काळजीनें लपवील तितक्याच काळजीनें त्यांनीं तो लपविला, आणि तसें करण्यास त्यांच्यापाशीं कारणही होतें, हें मला पुढें कळलें.

गेल्या पौषांतल्या एका रात्रीं त्यांनीं मला घरीं बोलाविलें. माझ्याखेरीज आणखी चौघे होते. दारें लावून घेण्यांत आलीं, भिंतीवर एक धुतलेलें धोतर ताणून बांधलें, आणि कोपऱ्यांतल्या सोळा मिलिमीटरच्या यंत्रावर नानांनीं स्वतः रीळ चढविलें. बोलपट दुसरें महायुद्ध संपल्यानंतरच्या दोनतीन वर्षांतला होता. त्याचें नांव मी येथें देत नाहीं. तसें वचन मीं दिलें आहे, आणि त्या वचनाविषयींच पुढें थोडें बोलावयाचें आहे. कथा म्हणण्यासारखी नव्हती. संवाद नाटकी, उच्चार नाटक कंपनींतले, आणि गाणीं नको तेथें येणारीं. परंतु त्यांत एक जुना वाडा होता, जिन्यावरून हळूहळू खालीं येणारा एक कंदील होता, आणि अर्धें उजेडांत व अर्धें काळोखांत ठेविलेलें एक तोंड होतें. पाऊस पडत असलेली एक गल्ली होती. तिच्यांतून कोणीच चालत येत नाहीं, आणि तरीही कॅमेरा तिच्याकडे पाहत राहतो. युद्ध, दुष्काळ, नियंत्रणें आणि फाळणी यांच्या सावटाखालीं जगलेल्या माणसांचा थकवा त्या रिकाम्या गल्लींत जसा दिसला, तसा मला कोणत्याही इतिहासग्रंथांत दिसलेला नाहीं. खेळ संपल्यावर दिवा लावण्याची घाई कोणी केली नाहीं.

मग नाना म्हणाले, "प्रोफेसर, याची दुसरी प्रत कोठेंही नाहीं. मूळ निगेटिव्ह केव्हांच गेलें. हा बोलपट पाहिलेलीं जीं माणसें आज जिवंत असतील त्यांत तुम्ही एक."

हें वाक्य ऐकून माझ्या अंगावर जो रोमांच उभा राहिला तो बोलपट पाहतांना राहिला नव्हता, हें मला कबूल केलें पाहिजे. घरीं जातांना मी त्या गल्लीचा विचार करीत नव्हतों. सहा माणसांचा विचार करीत होतों, आणि त्या सहांत मी होतों याचा. दुसऱ्या दिवशीं वर्गांत शिकवितांनाही ती गोष्ट मनांत गोड खाऊसारखी ठेवलेली होती. कोणास सांगावयाची नाहीं म्हणूनच ती अधिक गोड होती. या गोडीचें मूळ काय, आणि तिच्यांत कांहीं दोष आहे काय, हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मागें लागला आहे.

कोणी म्हणेल, यांत प्रश्न कसला? दुर्मिळ वस्तूची आवड मनुष्यमात्रास आहे. हिरा दुर्मिळ म्हणून मोलाचा, आणि नदीकांठची वाळू मुबलक म्हणून कवडीमोल. पण हिऱ्याचें दुर्मिळपण निसर्गानें दिलेलें आहे. बोलपटाचें तसें नाहीं. बोलपट जन्मतो तोच मुळीं पुष्कळ होण्यासाठीं. एका निगेटिव्हवरून अनेक प्रती निघाव्या, त्या गांवोगांव जाव्या, आणि तंबूंत वा थिएटरांत शेंकडों अनोळखी माणसांनीं एका अंधारांत बसून एकाच वेळीं हसावें व रडावें, हा त्याचा धर्म. तो दुर्मिळ झाला याचा अर्थ इतकाच कीं त्याच्या इतर सर्व प्रती एकामागून एक मेल्या. कोणी जळाली, कोणी बुरसली, कोणी भंगारांत गेली. शिल्लक राहिलेल्या प्रतीची किंमत म्हणजे त्या मृतांची संख्या होय. घरांतील नऊ भाऊ गेल्यावर दहावा वांचला तर तो अधिक लाडका होतो हें खरें. परंतु नऊ गेले म्हणून त्याचें कौतुक करीत बसणाऱ्या पाहुण्यास आपण काय म्हणूं?

आणि आपल्या देशांत या मृतांची संख्या लहान नाहीं. भारतांत तेराशेंहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण वा अपूर्ण असे आज तीसेक उरले आहेत. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस १९१३ सालीं लागला. त्याचा जो भाग आज पाहावयास मिळतो तो अपुरा आहे, आणि तोही १९१३ च्या चित्रपटाचा कीं १९१७ सालीं फाळक्यांनींच पुन्हा काढलेल्या आवृत्तीचा, याविषयीं जाणकारांत वाद आहे. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ च्या मार्चांत मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमांत लागला. त्याची एकही प्रत उरलेली नाहीं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनीं या 'आलम आरा'च्या शोधाची जी हकीकत सांगून ठेविली आहे ती ऐकून हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं. निर्माते अर्देशिर इराणी यांना ते त्यांच्या वृद्धापकाळीं भेटले, तेव्हां रिळें येथेंच कोठें तरी असतील असें इराणी म्हणाले. आणि मुलानें मागाहून एकीकडे घेऊन सांगितलें कीं, त्यांतली चांदी काढून घेऊन तीं रिळें आपणच निकालांत काढलीं. जुन्या कृष्णधवल फितीवरील चित्र चांदीच्या कणांचें असतें. फीत धुतली कीं चांदी निघते आणि चित्र जातें. सोनाराकडे जुना दागिना मोडावयास नेणाऱ्या गृहिणीपेक्षां त्या मुलाचा अपराध मोठा होता असें म्हणवत नाहीं. त्याच्या दृष्टीनें त्या फितीचें आयुष्य संपलें होतें.

नायर हे १९६५ सालीं त्या संग्रहालयांत आले. संग्रहालय त्याच्या आदल्याच वर्षीं पुण्यांत स्थापन झालें होतें. २०२२ सालीं तें राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें, तथापि लॉ कॉलेज रस्त्यावर त्याचें स्थान आहेच. फाळक्यांच्या वारसांकडे नाशकास जाऊन 'राजा हरिश्चंद्र' व 'कालिया मर्दन' यांचीं रिळें मिळविणारे ते हेच. त्यांच्या स्वभावाची एक गोष्ट मला फार विचार करण्याजोगी वाटते. चांगला चित्रपट ठेवावा व वाईट टाकावा असा भेद त्यांनीं केला नाहीं. जें मिळेल तें ठेवावयाचें, कारण उद्यांच्या माणसास कशाची गरज लागेल हें आज आपणांस ठरवितां येत नाहीं, अशी त्यांची वृत्ति होती. रसिकास ही वृत्ति गबाळी वाटेल. मला तिच्यांत एक प्रकारची विरक्ति दिसते. ज्याला सर्वच ठेवावयाचें आहे त्याला एकाचा मोह पडत नाहीं. नायर २०१६ सालीं वारले.

युद्धोत्तर काळाविषयीं बोलावयाचें तर 'नीचा नगर'ची गोष्ट सांगितली पाहिजे. चेतन आनंद यांचा हा पहिला चित्रपट. १९४६ सालीं कान येथें भरलेल्या पहिल्या महोत्सवांत जे अकरा चित्रपट सर्वोच्च पारितोषिकाचे वांटेकरी झाले त्यांत हा एक होता. रविशंकरांचें संगीत, डोंगरावरचा धनिक आणि पायथ्याची गरीब वस्ती, वरून खालीं सोडलेलें घाण पाणी, आणि काळोखांत हातीं मशाली घेतलेले लोक. इतका मान मिळूनही येथें तो लोकांपुढें फारसा आलाच नाहीं, आणि पुढें नाहींसा झाला. सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांना कलकत्त्यांतल्या एका भंगारवाल्याकडे त्याची प्रत दिसली, ती त्यांनीं घेतली, आणि पुण्याच्या संग्रहालयाकडे दिली, अशी हकीकत आहे. आज तो कोणासही पाहतां येतो. मी या हकीकतीकडे पुनःपुन्हां वळतों, कारण नानांचा बोलपटही त्यांना भंगारांतच मिळाला होता. देहूरोडच्या बाजारांत, किलोच्या भावानें. बहुधा लष्करी तळावरील खेळांसाठीं तो कधीं काळीं आला असावा. दोघांची दृष्टि सारखीच तीक्ष्ण. दोघांनीं वांचविलें सारख्याच संकटांतून. येथपर्यंत दोघांत कांहींच अंतर नाहीं.

तेव्हां संग्राहकास सरसकट स्वार्थी म्हणून मोकळें होणें हें अन्यायाचें होईल. नाना नसते तर तो बोलपट आज नसता. सरकार, विद्यापीठ, निर्मात्याचे वारस, यांपैकीं कोणीही त्या भंगारवाल्याच्या दुकानीं गेलें नव्हतें. प्रेमाचा आरंभ बहुधा लोभांतूनच होतो, आणि तसा झाला म्हणून तें प्रेम खोटें ठरत नाहीं. पुण्याच्या केळकर संग्रहालयांतील दिवे, अडकित्ते आणि करंड्या पाहतांना, त्या जमविणाऱ्या दिनकर केळकरांनीं त्यांतील एकेक वस्तु मिळवितांना काय काय युक्त्या केल्या असतील, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. पण आपल्या बालपणींच वारलेल्या मुलाचें, राजाचें, नांव त्यांनीं त्या संग्रहास दिलें, आणि पुढें तो सारा शासनाच्या हवालीं केला. लोभाला अशी दिशा मिळाली म्हणजे त्याला लोभ म्हणण्यास जीभ कचरते.

दुसरें एक आकर्षण आहे, आणि त्याविषयीं मला निश्चित मत देतां येत नाहीं. त्या रात्रीं आम्हांस जें वातावरण वाटलें, तें सगळेंच दिग्दर्शकानें निर्माण केलेलें नव्हतें. फितीवर ओरखडे होते. ते पावसांत मिसळून पाऊस अधिक दाट झाला होता. सांवल्यांतले बारकावे अनेक वर्षांच्या वापरानें गेले होते, म्हणून काळोख अधिक खोल झाला होता. एके ठिकाणीं कांहीं फूट तुटून गेल्यामुळें ती स्त्री जिन्यावर असतांच एकाएकीं दारांत दिसली, आणि आम्ही सर्व दचकलों. मूळ खेळांत ती साध्या पायांनीं उतरून आली असेल! वॉल्टर बेंजामिन या जर्मन लेखकानें १९३०-४० या दशकांत असें मांडलें कीं, यंत्रानें प्रती निघूं लागल्या म्हणजे मूळ कलाकृतीभोंवतीचें तेजोवलय मावळतें. आणि याचें ठळक उदाहरण म्हणून त्यानें चित्रपटाकडेच बोट दाखविलें. बिचाऱ्याला काय ठाऊक कीं, पाऊणशें वर्षांनीं त्या यंत्राच्या प्रतीच एकेकट्या उरतील, आणि त्यांच्याभोंवतीं देवळांतल्या मूर्तीसारखें वलय जमेल! ओरखड्यांवर प्रेम करणें हें समईवरच्या काजळीवर प्रेम करण्यासारखें आहे. तें वाईट नव्हे. मात्र काजळी आवडते म्हणून समई घांसूं द्यावयाची नाहीं, असा हट्ट कोणी धरला, तर त्याला समई प्रिय आहे असें म्हणवत नाहीं.

आमच्या महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाहीं. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे जुने कागद शोधीत गांवोगांव हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड त्यांनीं १८९८ सालीं काढला, आणि पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० सालची. ज्या ज्या संशोधकांनीं हें काम केलें, त्यांच्या वाट्यास एक अनुभव हटकून आला. दप्तर असलेलें घराणें दप्तर दाखवीत नसे. कोणास वतनाचा पुरावा परक्याच्या हातीं जाण्याची भीति, कोणास पूर्वजांच्या अब्रूची, आणि कोणाला नुसतें एवढेंच वाटे कीं, आहे तें आपलें आहे. दप्तराचें गाठोडें खुंटीवर सुखरूप आहे अशा समजुतींत मालक असे, आणि आंत वाळवी आपलें काम करीत असे. त्या मालकांनीं कागद जाळले नव्हते, विकले नव्हते. त्यांनीं ते जपले होते. जपण्याच्या या तऱ्हेनें किती इतिहास गेला याची मोजदाद कोण करणार?

बेगडेवाडीहून देहू जवळच आहे. इंद्रायणींत बुडविलेली तुकोबांची गाथा पुन्हां वर आली, ही कथा येथल्या पोरासोरांसही ठाऊक असते. भाविकांनीं ती जशी आहे तशी घ्यावी. मी तिच्या शेजारीं परंपरेंतलीच दुसरी एक गोष्ट ठेवतों: अभंग संताजी जगनाडे यांनीं उतरून घेतले होते, आणि त्याहून अधिक म्हणजे ते लोकांच्या मुखीं होते. वह्या नदीच्या तळाशीं गेल्या तरी गाथा कंठांतून बाहेर येऊं शकत होती. प्रभातच्या दामले-फत्तेलाल यांनीं हा प्रसंग १९३६ सालीं 'संत तुकारामां'त दाखविला, आणि पुढल्या वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्या चित्रपटाचा गौरव झाला. आतां विचार करा: 'संत तुकारामां'च्या सर्व प्रती जर उद्यां इंद्रायणींत बुडाल्या, तर त्या कोणत्या कंठांतून वर येणार? विष्णुपंत पागनीसांचा चेहरा कोण पाठ करून ठेवणार? अभंग पाठ होतो, गाणें पाठ होतें, नाटक संहितेवरून पुन्हां उभें राहतें. पडद्यावरच्या उजेडाला मात्र त्या फितीवांचून दुसरें घर नाहीं. म्हणूनच ज्याच्या हातीं शेवटची फीत आली, त्याच्या हातीं नुसती मालमत्ता आलेली नसते. त्यानें मागितलेली नसतांही एक जबाबदारी आलेली असते, आणि ती त्यानें किलोच्या भावानेंच घेतलेली असते!

हें सर्व मीं नानांस एका बुधवारीं गाडींत सांगितलें. अर्थात् इतकें नीट नव्हे. मग मीं त्यांस एक प्रश्न केला. "समजा, उद्यां बातमी आली कीं, याच बोलपटाची दुसरी प्रत, हिच्याहून चांगली, सांगलीस कोणाच्या माळ्यावर सांपडली. तर तुम्हांस आनंद होईल कीं दुःख?"

गाडी तेव्हां देहूरोडहून निघाली होती. चिंचवड येईपर्यंत नाना खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "दुःख होईल." आणि थोड्या वेळानें, "तुम्हांला काय होईल तें आधीं सांगा."

मला उत्तर देतां येईना. कारण मलाही दुःखच झालें असतें. सहांतला एक म्हणून मीं जी मिरवणूक मनांतल्या मनांत काढली होती ती त्या सांगलीच्या माळ्यानें मोडली असती. नाना खरें बोलले, आणि मी प्रोफेसर असून गप्प बसलों.

त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. "तुमचें संग्रहालय म्हणजे काय वज्रलेप आहे?" त्यांनीं विचारलें. "२००३ च्या जानेवारींत काय झालें तें विसरलांत?" मी विसरलों नव्हतों. प्रभातच्या जुन्या आवारांत, जेथें १९६० पासून चित्रपटांचें शिक्षण देणारी संस्था आहे, तेथल्या तळघरासारख्या कोठारांत संग्रहालयाच्या नायट्रेटच्या फिती ठेविलेल्या होत्या. त्यांना आग लागून शेंकडों चित्रपटांचा मूळ ठेवा गेला. त्यांत प्रभातचाही होता. नायट्रेटची फीत पेटली कीं पाण्याखालींही जळते, कारण जळण्यास लागणारा प्राणवायु तिच्याच पोटांत असतो. "तेथें सगळें एके ठिकाणीं ठेवून एका दिवसांत गेलें," नाना म्हणाले, "माझ्याकडे एकच आहे, पण आहे." या बोलण्यांत तथ्य आहे. सर्व अंडीं एकाच टोपलींत ठेवणारी संस्था आणि एकच अंडें उबवीत बसलेला मनुष्य, यांत शहाणा कोण हें ठरविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. ज्यांनीं या विषयांत आयुष्यें वेंचलीं त्यांच्यांतही एकमत झालें नाहीं. पॅरिसचे आंरी लांग्ल्वा आणि लंडनचे अर्नेस्ट लिंडग्रेन या दोन संग्रहपालांचा वाद प्रसिद्धच आहे. लिंडग्रेन म्हणत, दुसरी प्रत झाल्याखेरीज मूळ प्रत यंत्रावर चढवूं नये, कारण प्रत्येक खेळांत ती झिजते. लांग्ल्वांचें म्हणणें, जो पडद्यावर येत नाहीं तो चित्रपट नव्हेच. एकाला भविष्यांतला प्रेक्षक दिसत होता, दुसऱ्याला समोर बसलेला. परंतु लक्षांत घ्या, दोघांच्याही डोळ्यांपुढें प्रेक्षक होता. नानांच्या खोलींत आम्ही सहाजण होतों, आणि सातव्यास वाव नव्हता.

मीं नानांस या वादाचा दाखला दिला नाहीं. एक साधी गोष्ट सांगितली. त्या रात्रीं डबे उघडल्यावर खोलींत एक वास आला होता. तो नव्या कोणा पाहुण्याच्या अत्तराचा नव्हता. सोळा मिलिमीटरच्या फिती नायट्रेटच्या नसतात, त्या पेट घेत नाहींत, म्हणून त्या सुरक्षित असें आपण समजतों. पण त्यांचा पाया जें ॲसिटेट, तें उष्णतेनें व दमटपणानें कुजूं लागतें, आणि कुजतांना त्यांतून शिरक्याचें आम्ल सुटतें. मावळांतला पाऊस ज्यांनीं अंगावर घेतला आहे त्यांना दमटपणा म्हणजे काय हें सांगावयास नको. यांतली मौज अशी कीं, सुटलेलें आम्लच कुजण्यास आणखी चालना देतें. डबा घट्ट बंद असेल तर आम्लाची वाफ आंतच कोंडते, आणि नाश मंदावण्याऐवजीं वाढतो. फीत आकसते, वाळलेल्या पानासारखी मुरडते, आणि एक दिवस असा येतो कीं ती यंत्राच्या दातांवर बसतच नाहीं. थंड व कोरड्या जागीं हें कुजणें पुष्कळ लांबवितां येतें. थांबवितां मात्र येत नाहीं. करावयाचें तें एकच, फीत चालते आहे तोंवर तिची प्रत काढून घेणें.

"नाना, तुम्ही झाकण जितकें घट्ट लावतां तितका तो लवकर जातो," मीं म्हटलें.

त्यांना हें ठाऊक होतें. त्यांच्यासारख्या माणसास ठाऊक नसणें शक्य नव्हतें. ते म्हणाले, "माझ्या मागें काय व्हायचें तें होवो. मी आहें तोंवर तो माझा आहे."

येथें माझ्या वचनाचा प्रश्न आला. मला एक पत्र लिहितां आलें असतें. संग्रहालयास नानांचें नांव आणि बोलपटाचें नांव कळविलें असतें, तर कोणी तरी आलें असतें, कदाचित् त्यांनीं त्यांचें मन वळविलें असतें. बहुतांच्या हितासाठीं एकाचें वचन मोडावें, असें सांगणारीं शास्त्रें पूर्वेस आहेत आणि पश्चिमेसही आहेत, आणि त्यांतलीं कांहीं मी पोटासाठीं शिकवितों. परंतु विश्वासानें उघडलेल्या दारांतून आंत जाऊन पाहिलेली वस्तु बाहेर जाऊन सांगणें मला जमलें नाहीं. शिवाय मला एक संशय होता: मी जें पत्र लिहीन त्यांत बोलपटाची कळकळ किती असेल, आणि शोध लावणारा म्हणून माझें नांव यावें ही इच्छा किती असेल? हा संशय अजूनही फिटलेला नाहीं. शेवटीं मीं नानांस एवढेंच सांगितलें कीं, वचन मी पाळीन, मात्र पुन्हां तुमच्याकडे खेळास येणार नाहीं. ज्या आनंदाचा अर्धा भाग इतरांस तो न मिळण्यांत आहे, त्याचा वांटेकरी होण्याची मला आतां इच्छा राहिली नाहीं. ते कांहीं बोलले नाहींत. शिवाजीनगरला नेहमीप्रमाणें माझ्याबरोबर उतरले नाहींत. पुढें पुणें स्टेशनापर्यंत गेले.

त्यानंतर सहा बुधवार नाना दुसऱ्या डब्यांत बसले. मी त्यांना प्लॅटफॉर्मवर पाहत असें. तेही मला पाहत. सोळा वर्षांचा स्नेह एका अशा चित्रपटापायीं जावा कीं ज्याची कथा आम्हां दोघांसही फारशी आवडली नव्हती, याचें मला वाईट वाटे, आणि क्वचित् हंसूंही येई.

सातव्या बुधवारीं ते माझ्या डब्यांत आले. हातांत कापडी पिशवी होती. शेजारीं बसून त्यांनीं ती मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. "तिसरें रीळ आहे," ते म्हणाले. "फक्त तिसरें. ते त्याचें काय करतात तें आधीं पाहूं. बाकीचीं घरीं आहेत."

"गल्ली तिसऱ्यांतच ना?" मीं विचारलें.

"तिसऱ्यांतच." मग थोडें थांबून ते म्हणाले, "परवां लावून पाहिलें. गल्लीपाशीं येऊन अडलें. फीत मुरडली आहे. जोर केला असता तर तुटली असती." हें सांगतांना त्यांनीं माझ्याकडे पाहिलें नाहीं.

मीं कॉलेजांत फोन करून पहिला तास दुसऱ्याकडे दिला. डबा नीट बंद असूनही आकुर्डी यावयाच्या आधींच तो वास आमच्या बाकाभोंवतीं पसरला. समोर एक बाई भाजीची टोपली पायांशीं ठेवून बसल्या होत्या. त्यांनीं दोनतीनदां नाकाशीं पदर नेला, पिशवीकडे पाहिलें, आणि न राहवून नानांस विचारलें, "काका, लोणचं आहे का हो? झाकण सैल झालंय वाटतं."

"होय बाई," नाना म्हणाले, "जुनं आहे." आणि त्यांनीं पिशवी आणखी थोडी जवळ ओढून घेतली.